माझ्या परीक्षेत पास झालेला गाववाला

सांगतो, पण चहाचा घोट आधी गिळा. मागच्या वेळी ऐकताना एकाला ठसका लागला होता.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ऑनलाइन फसवणुकीवर बोलायचं तर माणूस एकच. परबकाका, म्हणजे मी! रिटायर माणसाला दुसरं काम काय? गणपतीत माइक धरून सगळ्यांना दम भरला होता. "नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही! मेलवरचं नाव नका बघू, पत्ता बघा! ओटीपी सख्ख्या भावालाही द्यायचा नाही!" टाळ्याच टाळ्या! बायकोनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. ती मला ओळखते.

तर एका दुपारी फोन आला. बाई एकदम गोड आवाजात, "केतकी परब के फादर? घर का पता कन्फर्म करना था. कितने साल से रह रहे हैं?"

केतकी आमची मुलगी. वर्षभर नोकरीसाठी वणवण करत होती बिचारी. नुकताच पवईच्या एका कंपनीत तिचा शेवटचा इंटरव्ह्यू झाला होता. आणि आता ही बाई घरचा पत्ता विचारतेय? मी कान टवकारले.

माझी एक खास परीक्षा आहे. समोरच्याला गाव विचारायचं! आम्ही कोकणातली माणसं, गाव कळल्याशिवाय आमचं बोलणं पुढे सरकतच नाही. खरा माणूस गाव सांगतो, चोर टाळतो.

"आपका गाव कौनसा?"

"सर, वो रिलेवंट नहीं है."

पकडली! "मॅडम, हमको क्या येडा समझा है? बेरोजगार बच्चों को लूटते हो? शरम नहीं आती? दुकान बंद करो!"

"ओके सर," ती शांतपणे म्हणाली, "मैं यही नोट कर देती हूँ."

मी मिशीवरून हात फिरवतोय तोवर केतकी आतून आली. "बाबा, सांगायचं राहिलं. कंपनीतून तुम्हाला व्हेरिफिकेशनचा फोन येईल. नीट बोला हां. तेवढंच बाकी आहे, मग ऑफर लेटर!"

वाट लागली ना!

"बोलेन की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोरगी गुणगुणत आत गेली.

मग काय, हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. फ्रीज उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. बायको वैतागली, "अहो, बसा ना एका जागी! मुंग्या चावतायत का?"

त्या बाईचा नंबर लावला, तर नुसती रिंग. आता? इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकलं आणि समोर दिसला तो पहिला नंबर फिरवला. नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यायचा, हो, हे मीच माइकवरून सांगितलं होतं. पण पोरीची नोकरी चाललेली असताना कुणाला भाषणं आठवतात?

लगेच एकानं उचलला. सगळं ऐकून म्हणाला, "फाइल तो रिजेक्ट हो गयी, अंकल. लेकिन खोल सकते हैं."

मी सोडतो काय? परीक्षा घेतलीच! "पहले बताओ, गाव कौनसा?"

"आपका कौनसा, अंकल?"

"कुडाळ!"

"अरे, मैं भी कुडाळ का!"

हाय रे देवा, काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "मेल्या, मगे मालवणीत बोल मां!"

"छोटा था तब निकल गया, काका. भाषा भूल गया."

मला दया आली हो त्याची! पोटासाठी गाव सुटलं, भाषा सुटली. गणेशचतुर्थीला घरी ये म्हटलं. त्यानं फाइल उघडायची फी सांगितली, नंतर परत मिळणारी. कार्डाचा नंबर घेतला. मग मी बाल्कनीत उभा राहून त्याला ओटीपी वाचून दाखवला. मोठ्यानं. स्पष्ट उच्चारात.

"अहो," मागून बायको, "कुणाला वाचून दाखवताय?"

"गाववाला आहे!"

तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. फी राहिली बाजूला, खातं जवळजवळ साफ!

केतकी धावत आली. तिनं कार्ड बंद केलं, हेल्पलाइनला फोन लावला. लगेच कळवलं म्हणून पैसे चोरापर्यंत पोचायच्या आधीच अडवले गेले. चौकीत लेखी तक्रार द्या म्हणाले. मग सगळंच सांगावं लागलं, पहिल्या फोनसकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत निघून गेली. रात्री जेवलीही नाही. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चौकीतल्या बाकावर, आणि माझा फोन वाजला. तीच बाई! केतकीनं स्पीकर लावला.

"सर, आपका ऍड्रेस हमने दूसरे तरीके से वेरिफाय कर लिया. केतकी का ऑफर लेटर आज निकल रहा है."

केतकीनं माझा हात घट्ट धरला. कालपासून पहिल्यांदा हसली.

"और सर, आप जैसे अलर्ट पेरेंट्स बहुत कम हैं. कल का किस्सा मैंने पूरे ऑफिस को सुनाया! सबको आपसे सीखना चाहिए."

मी ताठ बसलो. मिशीकडे हात जाणार, इतक्यात आतून हवालदार गरजला, "ते गाववाल्याला ओटीपी दिलेले काका कोण? परब! या पुढे!"

स्पीकर अजून चालूच!

"सर... वो आपको बुला रहे हैं?"

"नहीं मॅडम," मी म्हटलं, "राँग नंबर."