तू ब्रेक दाबलाच नसशील

गाडीच्या ब्रेकची वायर मी भाजी चिरायच्या सुरीनं सोलली आणि जोड सेलोटेपनं बांधला.

काळी टेप घरात नव्हती. दुकान कोपऱ्यावरच होतं, पण उठायचा कंटाळा आला. सेलोटेप बायकोच्या शाळेच्या पिशवीत सापडला, पोरांची चित्रं भिंतीला चिकटवायचा.

उद्देश मात्र थोर होता. धान कापून झालं की आमगावच्या रस्त्यावर सकाळी असं धुकं बसतं की समोरची बैलगाडी थेट बोनेटवर आल्यावरच दिसते. बायको त्या रस्त्यानं एकटी शाळेत शिकवायला जाते. मागच्या ट्रकवाल्याला ती दिसावी म्हणून मी सडक अर्जुनीहून, ट्रकांचे गोंडे आणि भोंगे विकणाऱ्या एका दुकानातून, लुकलुकत्या लाल दिव्यांची पट्टी आणली आणि ब्रेकच्या वायरला जोडली. ब्रेक दाबला की मागच्या काचेत झगमगाट. शेजारी म्हणाला, "वरात निघाली का जी?" मला ती स्तुतीच वाटली.

आता गाडीचं सांगतो. बायकोचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं तिच्या नशिबात नाही. म्हणून आम्ही जुनी का होईना, ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्यात क्लच नाहीच, गिअर गाडीच बदलते, सगळं काम उजव्या पायाचं. त्याआधी ती रेल्वेनं जायची. गोंदिया स्टेशनचा जिना चढताना कठडा धरून मधेच थांबायची, आणि मागची गर्दी "चलो बाई, चलो" करायची. गाडी आली आणि तो जिना सुटला. चाळिशी उलटलेली ही बाई आमच्या कुडव्याच्या गल्लीतून गाडी काढताना हॉर्न जरा जास्तच वाजवायची. वाजवू द्या, मी म्हणायचो.

मग एक दिवस शाळेपुढून तिचा फोन आला. "अजी, गाडी गिअरच घेऊन नाही राहिली. नुसती टूं टूं वाजते."

मी स्कूटरनं गेलो. आत बसलो, ब्रेक दाबला, गिअरचा दांडा ओढला. गाडी निमूट चालायला लागली.

"या गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडत नाही," मी तिला समजावलं. हे मला आदल्या महिन्यातच एका व्हिडिओतून कळलं होतं. "तू ब्रेक दाबलाच नसशील."

"दाबला होता."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग माझ्या पायानं कशी चालली?"

तिनं वाकून पेडलकडे बघितलं. मला फार बरं वाटलं.

नंतर हे होतच राहिलं. एकदा पेट्रोल पंपावर, एकदा रेल्वे फाटक उघडल्यावर, मागं सगळी रांग कोकलत असताना. ती बसली की गाडी अडायची, मी बसलो की सुटायची. मी बॅटरी बदलली. बॅटरीची टोकं सँडपेपरनं घासून चांदीसारखी केली. दिसेल तो फ्यूज काढून फुंकला आणि परत बसवला. आणि प्रत्येक तपासणीचा निकाल एकच लागायचा: पाय. एकदा तर मी तिच्या बहिणीसमोर म्हणालो, "गाडीत काही नाही, हिच्या पायात जोर नाही." बहीण हसली नाही. तीही नाही.

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. बायको खुर्चीवर बसली होती आणि उजव्या पायाखाली वजनकाटा. पाय दाबायची आणि वाकून काटा बघायची. पुन्हा दाबायची.

"काय करून राहिली?"

"काही नाही. धूळ पुसून राहिली." काटा तिनं खाटेखाली सरकवला.

त्यानंतरच्या सोमवारी तिनं रेल्वेचा पास काढला. बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते सगळं आधीच बोलून झालं होतं.

रविवारी गाडी माझ्याही पायानं हलेना, तेव्हा ओढून रिंग रोडवरच्या वायरिंगवाल्याकडे नेली. तिलाही नेलं, बिघाड पहिल्यांदा तिलाच दिसला, मग दाखवेलही तीच, असा माझा टोमणा. त्यानं स्टिअरिंगखाली मशीन जोडली आणि पडदा बघत म्हणाला, "मॅडम, ब्रेक दबाओ."

तिनं दाबला.

"दबाया क्या?"

"दाबलाच आहे."

"जरा जोरानं दाब," मी मागून ओरडलो.

तो वाकून खाली बघायला लागला. "पैर तो पूरा नीचे है, भाईसाब. गाड़ी को ही मालूम नहीं पड़ रहा." मग त्यानं पेडलच्या वर हात घातला आणि माझा जोड बाहेर ओढला. सेलोटेप पिवळा पडून सुटला होता, तारा उघड्या. "ये कौन गधे ने किया?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

बायकोनं फक्त सेलोटेपकडे बघितलं.

मी बसल्यावर गाडी का चालायची, तेही लगेच कळलं. माझे पाय लांब. मी आत शिरलो की गुडघा त्या वायरला लागायचा आणि तारा जुळायच्या. म्हणजे मी निदान करत होतो तेव्हा माझा गुडघा दुरुस्ती करत होता.

त्यानं जोड नवा केला. पडद्यावर ब्रेक दिसायला लागला, पण गिअर पडेना. पुन्हा पुन्हा दाबलं. नाही. उघड्या तारा कशाला तरी टेकून करंट भलतीकडे गेला होता. "गिअर का कंप्यूटर गया," तो म्हणाला. "इस मॉडल का अब आता नहीं. कबाड़ में मिला तो मिला." कधी मिळेल विचारलं, तर तो पुढच्या ट्रॅक्टरखाली शिरला होता.

गाडी तिथंच ठेवून आम्ही ऑटोची वाट बघत उभे राहिलो. ती डावा पाय सावरून खांबाला टेकलेली. उद्या सकाळी पुन्हा तो जिना. काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणालो, "एक बरं झालं. तुझा पाय एकदम बरोबर आहे. मिस्तरीच म्हणाला."

तिनं ऑटोला हात केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगून सांगून थकली तं पटलं नाही, मिस्तरीचं एका मिनिटात पटलं. मग आता संसार बी त्याच्याचसंगं करा."