एंटर तुमीच दाबा

सात रस्ता चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी कितीतरी वर्षं जातोय, पण शेवटचं बटण त्यानं स्वतः दाबलेलं मी कधी पाहिलं नाही. सगळं टाइप करून झालं की तो हात पाठीमागे बांधतो आणि म्हणतो, "मशीन तुमची हाय सर, एंटर तुमीच दाबा." नव्या गाडीपुढं नारळ मालकानंच फोडायचा, तसं. मला ते आवडायचं. आणि कुठल्याही शंकेला त्याचं एकच उत्तर असायचं, "हुतंय की!"

परवा लेकीच्या हट्टापायी गेम खेळायचं सॉफ्टवेअर टाकायला कॉम्प्युटर नेला. त्यात लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम त्यानंच बसवलेली. बायकोनं काढलेली चादरींची सगळी डिझाइनंही त्यातच होती, दुसरीकडं कुठंच नव्हती. तो भराभर टाइप करत होता. मध्येच इंग्रजीत इशारा आला, की हे टाकायचं तर डेस्कटॉपच, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते सगळंच, काढावं लागेल, चालेल का?

"अहो, डेस्कटॉप काढणार म्हणतंय ते," मी म्हणालो.

"तसं लई म्हणतंय ओ. हुतंय की!" त्यानं न वाचताच होकार टाइप केला आणि हात मागं नेले.

मला चादरींची डिझाइनं आठवली. तरी दाबलं. अक्षरं सरसर वर गेली आणि स्क्रीन काळी पडली. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"आता?" मी विचारलं आणि त्याच्या त्या दोन शब्दांची वाट बघत राहिलो.

हात पाठीमागं तसेच ठेवून तो माझ्या बोटाकडं बघत होता.