दोन मोटांचा फरक

कौसल्याबाईंचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. साडेतीन हा आकडा माझा. त्यांच्या घरी घड्याळ नव्हतं. दार उघडायचं, अंगणात उभं राहून वर पाहायचं आणि चूल पेटवायची. सहा वर्षांत त्या कारखान्यात एकदाही उशिरा आल्या नाहीत. मी मनगटावर घड्याळ बांधून तीनदा उशिरा आलो.

कारखाना हिंगणा रोडवर होता. पत्र्याची शेड, अकरा माणसं. मी हमाल. पेट्या उचलणं, सायकलवर बॅटऱ्या नेणं, वेळ पडली तर नाव वल्हवणं. कौसल्याबाई टाके मारायच्या, म्हणजे सोल्डरनं वायरी जोडायच्या. त्यांचं घर जयताळ्याला. नवरा वारलेला, म्हातारे वडील बळीरामजी जवळ. घराचे चार खांब उभे होते. त्यांतून सळया वर निघालेल्या, आणि खाली तात्पुरते पत्रे. सळयांना गंज चढत होता. बाईंना वर स्लॅब घालायचा होता, आणि स्लॅबवर जायला जिना.

बळीरामजींची सारी उमर नरखेडकडं वावरात गेली. आता ते पत्र्याखाली खाटेवर पडून म्हणायचे, "कौसे, मले आभाळ दिसून नाही राहिलं वं."

"दिसन, बाबा. स्लॅब होऊ द्या."

१९८७ साली कारखान्यात एक नवं काम आलं. तलावाची खोली मोजणारी पेटी आम्ही आधीपासून बनवत होतो. जेवणाच्या डब्याएवढी, नावेत ठेवायची. पाणी किती खोल ते ती सांगायची, पण कुठं खोल ते सांगत नव्हती. पाण्यावर खुंटी ठोकता येत नाही. म्हणून तिला परदेशातून आणलेलं एक यंत्र जोडायचं होतं. ते उपग्रहांचे इशारे पकडायचं. चार उपग्रह एकदम सापडले की हिरवा दिवा लागायचा आणि नाव कुठं आहे ते पेटीत उतरायचं. वीस-पंचवीस पावलांची चूक धरून. त्या काळी असे उपग्रह मोजकेच होते. चार एकत्र यायचे ते दिवसातून दीडेक तास.

जोडणीचे टाके सव्वीस, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. कौसल्याबाईंनी ते दोन दिवसांत केले. हात हलेल म्हणून चहा घेतला नाही. यंत्र बॅटरी फार खायचं, म्हणून आमचे इंजिनियर महादेवराव यांनी पेटीत एक छोटं घड्याळ बसवलं. सकाळी सातला यंत्र आपोआप सुरू, एका तासानं बंद. मग झाकण लावून चारही स्क्रूंवर लाख ओतली.

"आता ह्याले कोणी हात लावायचा नाही," म्हणाले.

एक डिसेंबरपासून मी रोज अठरा किलोची बॅटरी अंबाझरी तलावावर न्यायचो आणि नाव सोडायचो. कौसल्याबाई पेटी मांडीवर घेऊन बसायच्या. पाण्यावर धुकं असायचं. काठ दिसायचा नाही. माझ्याच वल्ह्याचा आवाज दुसऱ्या कुणाच्या नावेतून आल्यासारखा यायचा. चौघांना शोधायला यंत्राला पंधरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ आपण पाण्यावर आहोत की ढगात, ते कळत नसे. मग मांडीवर हिरवा दिवा लागायचा, आणि बाईंच्या हाताची बोटं हिरवी दिसायची. वरून कुणीतरी आपल्याला पाहून ठेवलं, असं वाटायचं.

बारा दिवस दिवा लागला. तेराव्या दिवशी लागला नाही. चौदाव्या दिवशीही नाही.

"टाका कच्चा आहे," महादेवराव म्हणाले. त्यांनी पेटी उघडून दिली. बाईंनी भिंग लावून सव्वीसच्या सव्वीस टाके पुन्हा केले. पुन्हा लाख. दिवा नाही.

"बाई, नजर गेली तुमची. एक तारखेले पाटबंधारे खात्याचे साहेब पेटी पाहाले येऊन राहिले. तोवर दिवा लागला नाही, तर मी दुसरी बाई पाहतो."

दुसऱ्या दिवशी नावेत कौसल्याबाईंनी विचारलं, "धोंडबाभाऊ, पहिल्या दिवशी दिवा किती वेळ होता?"

"पेटी बंद होईस्तोवर."

"अन् बाराव्या दिवशी?"

"लागला अन् विझला."

त्या म्हणाल्या, "माह्या काकानं बाबाले चोर म्हटलं होतं. ते कालपासून आठवून राहिलं."

बळीरामजी आणि त्यांचा भाऊ रामाजी यांची विहीर एक. ओलिताच्या दिवसांत रात्री मोट रामाजींची, पहाटे बळीरामजींची. पाळी बदलायची खूण ठरलेली. मृगाचे ओळीतले तीन तारे मावळतीच्या चिंचेच्या शेंड्याला टेकले, की रामाजींनी बैल सोडायचे. मग रामाजींनी काटोलहून गजराचं घड्याळ आणलं. आणलं त्या दिवशी तारे पाच वाजता टेकले. पंधरा दिवसांनी चारला. रामाजी बांधावर उभे राहून ओरडले, "बळीराम, चांदण्या तुह्या सोयऱ्या हायेत का गा? तुह्याच सोयीनं मावळून राहिल्या!" बळीरामजी भांडले नाहीत. तारे टेकल्यापासून घड्याळात पाच वाजेपर्यंत किती मोटा निघतात, ते त्यांनी रोज मोजलं. रोज दोन मोटांचा फरक निघाला.

"एक मोट दोन मिनिटांची," बाई म्हणाल्या. "रोज चार मिनिटं. दिवाही तेवढाच आधी विझत गेला. हे वरचे चांदण्याच्या पाळीनं येऊन राहिले, भाऊ. अन् आपल्या पेटीत काकाचं घड्याळ हाये."

"मग महादेवरावले सांगा."

"काल सांगतलं. हासले. म्हणे, बाई, ते उपग्रह हायेत, चांदण्या नाही."

त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी म्हटलं, "लाख तोडली अन् दिवा लागला नाही, तर आजच घरी जावं लागन."

"तुमी नाव हलू देऊ नका."

मी वल्हं पाण्यात रोवून धरलं. पंधरा मिनिटं. दंडाला रग लागली. त्यांनी चार स्क्रू काढले, घड्याळ एक तास पुढं केलं, आणि चार स्क्रू लावले.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी घेऊन पाचला निघालो. यंत्र सहाला सुरू झालं. सव्वासहाला दिवा लागला. बाईंनी पदरानं डोळे पुसले, धुकंही होतं. दिवा सहा बावन्नला विझला. पेट्यांवर खुणा करायचा कोळसा खिशात होता, त्यानं मी वल्ह्याच्या दांड्यावर आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी सहा अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी सहा चव्वेचाळीस.

मी वल्हं खांद्यावर घेतलं आणि सायकल ढकलत कारखान्यात आलो. साडेपाच किलोमीटर. वल्हं महादेवरावांच्या टेबलावर आडवं ठेवलं.

"हे काय आहे?"

"हजेरी," मी म्हटलं. "वरच्या चौघांची."

त्यांनी तीनही आकडे वाचले. "लाख कोणी तोडली?"

"म्या," कौसल्याबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी यंत्राचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि उभ्यानंच चाळलं. शेवटाकडं थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहिलं आहे इथं. रोज चार मिनिटं आधी. शेवटून दुसरं पान."

"वल्ह्यावरही लिहिलं हाये," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण घड्याळ बाईंच्याच हातून बदलून घेतलं, यंत्र रोज चार मिनिटं आधी सुरू करणारं. एक तारखेला पहाटे खात्याच्या साहेबांसमोर दिवा लागला. दुसरी बाई आली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर बाईंच्या पगारातून स्लॅब घातला. मी तीनशे बारा घमेली वर दिली. महिन्यानं जिना झाला, तेरा पायऱ्यांचा. जिन्याला कठडा नव्हता. तेवढ्यावर पैसे संपले होते.

डिसेंबरात एका पहाटे पाचला मी बळीरामजींना पाठीवर घेऊन वर नेलं. वजन बेचाळीस किलो, बॅटरीपेक्षा सोपं. माणूस आपण होऊन धरून राहतो. बाईंनी सतरंजी टाकली. बळीरामजींनी आधी हातानं स्लॅब चाचपून पाहिला, मग वर पाहिलं. मृगाचे तीन तारे मावळतीला उतरले होते. चिंच नव्हती. शेजारच्या पाण्याच्या टाकीला टेकत होते.

"उद्या दोन मोटा आधी आणजो गा मले," ते मला म्हणाले.