खाली न वळणारी नजर

बाबा मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये कामाला होते. निवृत्तीनंतर आम्ही जयगडहून रत्नागिरीत राहायला आलो आणि काही काळाने ते पडायला लागले. ठेच लागून पुढे नाही, तर उभ्या उभ्या मागे. एकदा तर अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर डोकं आपटलं. हालचाली मंदावल्या होत्या, म्हणून एका डॉक्टरांनी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू केल्या. फरक पडला नाही. चष्माही बदलून झाला.

आईची तक्रार वेगळीच होती. बाबा ताटात निम्मं अन्न तसंच ठेवायचे. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाच्या घशात बांगड्याचे काटे अडकायचे.

"जेवणात लक्ष नाय तुमचं," ती चिडायची. "समोरच्या भिंतीत काय दिसतं तुम्हाला?"

बाबा तसेच समोर बघत जेवत राहत.

शेवटी आम्ही दोघी त्यांना कोल्हापूरहून येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी बोट समोर धरलं. "मान न हलवता बोटाकडे बघा." बोट डावीकडे, उजवीकडे गेलं, बाबांचे डोळे मागोमाग गेले. बोट खाली आलं. डोळे तिथेच राहिले. डॉक्टरांनी पुन्हा करून पाहिलं आणि एमआरआय लिहून दिला.

मशीनच्या दणदणाटाने घाबरतील म्हणून मी बाहेर जीव मुठीत धरून बसले होते. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आवाज कसला त्यात? इंजिनरूममध्ये उभा राहिलेला माणूस मी." बोलणं जड झालं होतं. हसले असावेत, चेहऱ्यावर आता हसू उमटत नसे.

डॉक्टरांनी स्क्रीनवर मेंदूचा देठ दाखवला. "याचा वरचा भाग भरलेला असायला हवा. झिजलाय. नुसत्या फोटोवरून मी बोललो नसतो, पण पडणं, डोळे, सगळं जुळतंय. हा पार्किन्सन नाही. तसाच दिसणारा, पण त्याहून वाईट आजार आहे."

"औषध?" मी विचारलं.

"थांबवणारं नाही."

बाबांनी शब्द जुळवत विचारलं, "खाली बघता येईल परत?"

"नाही, काका. डोळे चांगले आहेत तुमचे. ते वळवणारा भाग गेलाय."

घरी आल्यावर आईने जेवणाच्या टेबलावर पिठाचा रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर बाबांचं ताट ठेवलं.

"दिसतंय?"

बाबा ताटाकडे बघत राहिले. मग हळूहळू भात कालवायला लागले.

"मला वाटलं, माझ्या हातचं नको झालंय तुम्हाला," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढे काटे काढून दिलेला मासाही त्यांना गिळवेना. मग पेज सुरू केली. तीही श्वासनलिकेत जायला लागली. न्यूमोनिया झाला आणि चार दिवस इस्पितळात काढून ते गेले. आई शेवटपर्यंत, त्यांच्या नजरेसमोर चेहरा येईल अशी, त्यांच्यावर ओणवी उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही.