पुंजाला शून्य गुण

भागीबाईंना स्किझोफ्रेनिया असावा, असा संशय पहिल्यांदा माझ्या टॅबला आला. एका संशोधनासाठी मी दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरांना प्रश्न विचारत फिरत होते. भागीबाई पेठकडच्या आदिवासी पाड्यावरच्या, छाटणीला आलेल्या. हाताला उसंत नाही, तोंडाला तर नाहीच.

त्यांनी भावाला, पुंजाला, दंडाला धरून आणलं. "आठ महिने झाले, ताई. अंघोळ नाय, काम नाय, बोलणं नाय. आधी ह्याला विचारा."

इतरांना न ऐकू येणारे आवाज येतात? "नाय." कोणी पाळतीवर आहे? "नाय." पंधरा प्रश्न, पंधरा नाय. शून्य गुण. टॅब म्हणाला, निरोगी.

मग भागीबाई. आवाज? "येतात की. डोंगरदेवाच्या उत्सवात अंगात वारं येतं, देव बोलतो. अख्ख्या पाड्याला." पाळत? "मुकादम हाय ना. वर कॅमेराबी लावलाय." तुमचं मन दुसरं कोणी चालवतं? "सांगितलं की, मुकादम!"

टॅब लालभडक. नाशिकला डॉक्टरांकडे मोफत तपासणी, जायला जीप, सोबत एक नातेवाईक.

"माझ्या जागी ह्याला न्या."

"नियमात बसत नाही," मी म्हणाले. लाज वाटली, पण नोकरी त्या नियमांचीच होती.

"मग मी येडी. अन् हा माझा नातेवाईक."

नाशिकला डॉक्टर कागद वाचून हसले. सगळा पाडा जे मानतो त्याला भ्रम म्हणत नाहीत, आणि मुकादम तर खराच आहे. शिवाय निदानाला सहा महिन्यांचा त्रास लागतो, कामात घसरण लागते. ही बाई दोघांचं काम एकटी उरकत होती. तरी रीतीप्रमाणे त्यांनी नातेवाइकाला विचारलं, "वर्षापूर्वी ह्या कशा होत्या?"

उत्तर भागीबाईंनीच दिलं, पण पुंजाबद्दलचं. "लय बोलायचा, सायेब. ह्याच्या गप्पांत दोन ओळी कधी छाटून व्हायच्या कळायचं नाय. आता भाकरी हुंगतो, एवढंच म्हणतो, विष हाय. मी थापलेली भाकरी!"

डॉक्टरांनी खुर्ची पुंजाकडे वळवली. "आवाज येतात, पुंजाभाऊ?"

"नाय."

"नाय म्हणायला कोण सांगतं?"

पुंजानं दाराकडे पाहिलं. "तेच. खरं बोललास तर बहिणीला मारू म्हणतात."

भागीबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथंच ढसाढसा रडायला लागल्या. "मेल्या, मला वाटलं माझ्यावर रुसलायस."