राक्षस का आला

वागिरान म्हातारा तसा साधाच माणूस. जावा बेटावरच्या आपल्या गावात भात पिकवायचा आणि बोलावणं आलं की चामड्याच्या बाहुल्या नाचवायचा. पण एकुलत्या लेकराची इडापिडा काढायचा खेळ पंचक्रोशीत त्याच्याशिवाय कुणी करत नसे. भर दिवसा पडदा लागायचा, बाहुलीच्या रूपात जुरांगकारा राक्षस मूल गिळायला यायचा आणि तो का आला ते म्हाताऱ्याने त्याला तोंडावर सांगायचं. कारण बरोबर निघालं तर राक्षस मूल सोडतो, चुकलं तर मूल त्याचं.

चाळीस वर्षं म्हातारा एकच कारण सांगत आला, भूक. बापाने तेच शिकवलं होतं. ज्यांच्यासाठी खेळ केला त्यातली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. लोक म्हणाले, नशीब त्यांचं. म्हाताऱ्याला मात्र ते पटत नसे. अहो, भुकेला राक्षस वाटेतले भरले गोठे सोडून नेमका लाडक्या पोराच्या दारात कशाला येईल?

आता पाळी त्याच्याच नातीवर आली. सात वर्षांची लारास महिनाभर तापाने फणफणत होती. सून वेनिंगने पडद्यासमोर पिवळा भात आणि केळी मांडली.

"पाक, आज चुकू नका," ती सासऱ्याला एवढंच म्हणाली.

जुरांगकारा पडद्यावर आला. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, पण 'भूक' म्हणाला नाही. आईच्या मांडीवर पोरगी धापा टाकत होती.

"तू भुकेला नाहीस," तो राक्षसाला म्हणाला. "तुझ्या बापाने तुला हाकलून दिलं. पुन्हा थोबाड दाखवू नकोस म्हणाला. म्हणून घरात जपलेली पोरं तुला बघवत नाहीत."

साथीला वाजवणाऱ्यांचे हात थांबले. सहा वर्षांपूर्वी याच अंगणात, याच शब्दांत म्हाताऱ्याने पोटच्या पोराला, लारासच्या बापाला, साप्तोनोला घालवलं होतं. त्यानंतर त्याचं ना पत्र, ना खबर. वेनिंगने मान खाली घातली.

रीतीप्रमाणे लारासची बट कापून फुलांच्या पाण्यात सोडली. दिवस कलायच्या आत ताप उतरला. पोरगी उठून बसली आणि तिने भात मागितला. वेनिंग रडली. म्हाताऱ्याचा जीव मात्र भांड्यात पडेना.

"म्बाह, राक्षस कुठे गेला?" लारासने आजोबांना विचारलं.

"घरी."

"कुणाच्या?"

म्हाताऱ्याने हातातली बाहुली खाली ठेवली.

"बापाच्या," तो म्हणाला. मग उठून त्याने अंगणाच्या दाराची कडी काढली आणि दाराकडे तोंड करून बसला.