अक्काची यादी आणि तीन दिवसांची कावेरी

नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा चेन्नईच्या लेकीनं मला होडीची सहल भेट दिली. तिरुवैयारूहून पापनाशमच्या पुढपर्यंत, कावेरीतून, कनू नावाच्या अरुंद होडीत बसून स्वतः वल्हवत जायचं. तीन दिवस. सोबत वाट दाखवणारी माणसं, मुक्कामाला काठावर तंबू. दोघांची जागा होती. यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, पापनाशमला बस तासाभरात पोचते. तीन दिवस लावणाऱ्या वाहनात ते बसणार नाहीत. मग मी थोरल्या बहिणीला विचारलं.

अक्का ओरत्तनाडूला राहते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तिनं लगेच हो म्हटलं आणि एकच अट घातली, की सामानाची यादी इंग्रजीत पाठवायची नाही.

सहल नेणाऱ्या मुलीनं यादी इंग्रजीतच पाठवली होती. मी ती बसून मराठीत केली. आता, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमची मराठी घरं. मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी फार थोड्यांना येते. मीही अलीकडेच शिकले. वाणसामान असो की लग्नाचं आमंत्रण, भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ, हीच आमची रीत. तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर. क आणि ग यांना एक. ट, ठ, ड यांनाही एकच. त्यानं कधी अडत नाही. वाणसामानाच्या यादीत काय असणार ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कनूच्या यादीत काय असणार ते आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी कागदाचा फोटो काढून अक्काला पाठवून दिला.

लेकीनं दोन पिशव्याही धाडल्या होत्या, वीस लिटरच्या, आत पाणी न शिरणाऱ्या. एक अक्काकडे गेली. दुसरीवर यजमानांचा विश्वास बसेना. त्यांनी तिच्यात स्वतःचं धोतर घातलं, तोंड गुंडाळलं आणि मागच्या अंगणातल्या टाकीत पिशवी दाबून धरली. धोतर कोरडं निघालं. मग त्यांना चटकच लागली. वर्तमानपत्र बुडवलं, पापड बुडवले, सगळं कोरडं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी भरलेली पिशवी बुडवली. तोंडाला तीन घड्या घालायच्या असतात, त्यांनी दोनच घातल्या. माझे सगळे कपडे दोरीवर वाळत पडले आणि यजमान दिवसभर माझ्याशी फार गोड बोलले.

सकाळी तिरुवैयारूच्या घाटावर मी वेळेवर पोचले. आडी हा तमिळ महिना, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, संपत आला होता, नदीला भरपूर पाणी होतं. सहलीची मुलगी एकेकाची पिशवी तपासत होती. तेवढ्यात भाड्याच्या गाडीतून अक्का उतरली. तिच्यामागून ड्रायव्हर आला आणि त्यानं मुलीला अदबीनं विचारलं, की नदी कुठल्या रस्त्यानं जाते? त्याला तीन दिवस मागोमाग यायला सांगितलं होतं.

मी अक्काकडे पाहिलं. ती अनवाणी होती. चपला गाडीतच ठेवून आली होती, घाट आहे म्हणून. तिची पिशवी फणसासारखी फुगली होती. मुलीनं ती उघडली तर आत नुसते मुरमुरे. खाली एक लुगडं, टॉवेल आणि दोन बरण्या.

"बूट कुठं आहेत?" मी विचारलं.

अक्कानं फोन काढला, चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तशी माझीच यादी मला वाचून दाखवली. "पूड, दोन प्रकार: एक पाण्यात, एक तंबूत." पाण्यात घालायची ती रसमची, तंबूत बसून खायची ती डाळ-मिरचीची. दोन्ही तिनं घरी कुटल्या होत्या. पुढची ओळ, "पोट जड करू नये." म्हणून मुरमुरे.

मी लिहिलं होतं, बोट जड करू नये.

"आणि गाडी?"

"गाडी, हवी असल्यास," अक्कानं वाचलं. "मला हवी होती."

ती काठी होती. घाट उतरताना हाताशी असावी म्हणून. मी हे सगळं समजावून सांगितलं. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बूट असं स्पष्ट लिहायचं होतंस."

"तेच लिहिलंय."

"पूड लिहिलंयस."

त्या मुलीला मराठी येत नव्हती. तिला वाटलं आम्ही भांडतोय. मी तमिळमध्ये उलगडा केला तेव्हा ती हसत हसत पायरीवरच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, काही झालं तरी बुटांशिवाय कुणाला होडीत घेता येत नाही.

शेवटी गाडी कामाला आली. ड्रायव्हर बाजारात गेला आणि शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आला. एवढ्या सकाळी तेवढंच एक दुकान उघडलं होतं. अक्काला ते नेमके बसले. अर्धे मुरमुरे ड्रायव्हरला आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना वाटले, पिशवीला आकार आला. बरण्या मात्र तिनं सोडल्या नाहीत.

होडीत बसताना अक्का पुढच्या जागेवर माझ्याकडे तोंड करून, म्हणजे नदीकडे पाठ करून बसली. मुलीनं तीनदा सांगितलं, की पुढं बघायचं असतं. अक्काचं म्हणणं, सख्ख्या बहिणीकडे पाठ करून तीन दिवस बसायचं तर ती घरीच बरी. ती वल्हं मारू लागली की होडी जागच्या जागी फिरायची. शेवटी मुलीनं तिचं वल्हं काढून घेतलं आणि मला एकटीलाच मारायला सांगितलं.

घाट मागं पडला. अक्का कॅनव्हासचे बूट पुढं पसरून आरामात बसली होती.

"पुढं काय आहे?" तिनं विचारलं.

"पूल येतोय."

"केवढा?" अक्का म्हणाली, आणि मान वळवली नाही.